निर्जला एकादशीचं वजन

मे महिना आला की इथं जर्मनीत ब्राउनश्वाइगची माणसं थोडी बिघडतात. एरवी यांना जेवणाचं काही सोयरसुतक नसतं. पावाच्या दोन चकत्या, मध्ये चीज, बाजूला काकडी, की झालं जेवण. तेही घड्याळाकडे बघत. पण मेमध्ये हीच माणसं हळवी होतात. आमचा विभागप्रमुख, ज्याला मी एकोणीस वर्षांत एकदाही हसताना पाहिलेलं नाही, तो कँटीनच्या रांगेत फळ्याकडे बघतो आणि घरात बाळ जन्मल्याची बातमी द्यावी तसं म्हणतो, "श्पार्गेल आला."

श्पार्गेल म्हणजे शतावरीचा कोंब. हिरवा नव्हे, पांढरा. मातीचे उंच वरंबे करायचे, वर काळं प्लास्टिक अंथरायचं, उन्हाची तिरीपसुद्धा लागू द्यायची नाही, आणि मग आजाऱ्याच्या बोटासारखं जे काही वर येईल ते खुडायचं. सोलायचं, उकडायचं, लोणी ओतायचं आणि डोळे मिटून उसासा टाकायचा. एकोणीस वर्षं मी हा उसासा ऐकतोय. तेवढ्या काळात मला त्यात लोण्याची चव सापडली, मिठाची सापडली. श्पार्गेलची अजून यायची आहे.

यंदाही तो आला. गावाबाहेर सायकलवरून निघालं की दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकचे पट्टे क्षितिजापर्यंत पसरलेले दिसतात, आणि ऊन वर आलं की त्या प्लास्टिकला एक वास सुटतो. तापलेला, चिकट, थोडा मातीचा, थोडा नव्या रेनकोटचा. इथल्या लोकांना त्या वासानं भूक लागते. मला वजनकाटा आठवतो, आणि मी मान खाली घालून पायडल मारायला लागतो.

यंदा मान जरा जास्तच खाली आहे, कारण गेल्या हिवाळ्यात रेणू चॅम्पियन झाली.

रेणू म्हणजे आमच्या वसुधाताईंची मुलगी. वसुधाताई मूळच्या कऱ्हाडच्या, इथे येऊन त्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली. नवरा उवे, जर्मन, शहरात ट्राम चालवतो आणि ट्रामइतकंच बोलतो, म्हणजे थांबा आला की. रेणू लहानपणापासून घरात मराठी ऐकत आली आणि उत्तर जर्मनमध्ये देत आली. "सगळं कळतं हो तिला," असं वसुधाताई आमच्या मराठी मंडळात सांगायच्या. त्यावर आमच्या बायका, मांजराबद्दल ऐकावं तशा कौतुकानं मान हलवायच्या. अशी ही रेणू बॉक्सिंग करायला लागली, पुढे व्यावसायिक झाली, आणि आता तिच्या कमरेला ताटाएवढं बक्कल असलेला पट्टा आहे.

आणि आता मंडळातला प्रत्येक माणूस सात वर्षांपूर्वीच्या त्या लढतीला हजर होता. तिची तिसरीच लढत, इथल्याच एका शाळेच्या व्यायामशाळेत झालेली. जेवढे लोक "आम्ही तेव्हाच ओळखलं होतं" म्हणतात, तेवढे खरोखर आले असते तर त्या इमारतीच्या भिंती बाहेर कलल्या असत्या. गुढीपाडव्याला आमच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन सांगितलं की त्या दिवशी तिच्या डोळ्यांत त्यांना ज्वाला दिसली. हे गृहस्थ त्या दिवशी आल्प्समध्ये तंबू ठोकून बसले होते. ज्वाला दिसलीच असेल तर ती स्टोव्हची.

मी मात्र खरंच हजर होतो. शुक्रवारी वजनालाही होतो आणि शनिवारी लढतीलाही. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता यायचं नाही. पोटात काय होतं ते मी ग्रॅममध्ये सांगू शकतो, कारण ते मी वाढलं होतं.

आधी या धंद्याबद्दल दोन शब्द. टीव्हीवर तुम्ही दिवे बघता, धूर बघता, झगे घातलेले वीर बघता. सुरुवातीच्या लढती तशा नसतात. गावातला एक टायरविक्रेता उठतो आणि स्वतःला प्रमोटर म्हणवून घेतो. आमच्याकडचा बोर्नेमान नावाचा होता. हस्तांदोलन करताना समोरच्याचा हात हवा तपासल्यासारखा दाबायचा. तो शाळेची व्यायामशाळा ठरवतो, सॉसेज भाजणारा ठरवतो, आणि गावच्या मुलीसमोर उभं राहायला लांबून कुणीतरी आणतो. कुणीतरी म्हणजे हरण्यासाठी कुणीतरी. हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्या कुणीतरीलाही. वर तिकिटं विकायची कुणी, तर लढणाऱ्या मुलीनं. दोनदा सराव, एकदा पळणं, आणि उरलेल्या वेळात नातेवाइकांच्या दारावर बेल. लग्नपत्रिका वाटत फिरणाऱ्या वधूपित्याची जी कळा, तीच या उगवत्या वीरांची. फक्त पत्रिकेबरोबर अक्षता नसतात.

मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी होतो. मंडळात तेव्हा रेणूचा विषय निघाला की आवाज खाली जायचे. "मुलीच्या जातीला नाक सांभाळायला हवं हो," असं म्हणणारी माणसं यंदा तिचा फोटो स्टेटसला लावून बसली आहेत. मी त्यांच्यातला नव्हतो असं सांगायला मला फार आवडेल. खरं असं की मी पुरोगामी होतो, कारण मला पुरोगामी दिसायची हौस होती. सभेत उठून मी म्हणालो, "आपलीच मुलगी आहे, आपण पाठीशी उभं राहायला हवं," आणि तिकिटांचा एक गठ्ठा माझ्या अंगावर घेतला. टाळ्या पडल्या. पुढचं सगळं त्या टाळ्यांमुळे घडलं.

गुरुवारी संध्याकाळी, साडेपाचच्या सुमारास, रेणू तो गठ्ठा द्यायला आमच्या घरी आली. जूनची सुरुवात होती, बाल्कनीत अजून भरदुपारचं ऊन होतं. तिच्या अंगात जाड लोकरी कोट, डोक्यावर टोपी. चेहरा असा की भाडं थकलं म्हणून गालांचं सामान कुणीतरी बाहेर काढलंय. एकवीस वर्षांची मुलगी. ओठ फुटलेले, आणि बोलताना जीभ टाळूला चिकटायची त्याचा बारीक आवाज येत होता.

त्या दिवशी होती एकादशी. साधी नव्हे, निर्जला. म्हणजे पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही अशी वर्षातली सगळ्यात कडक एकादशी. आमच्या घरी ती कडक पाळली जात होती. म्हणजे माझ्या बायकोनं, मुग्धानं, सकाळी साबुदाण्याची खिचडी केली होती, दुपारी बटाट्याचा कीस, आणि संध्याकाळी उरलेली खिचडी तुपावर परतून, वर दाण्याचं कूट थोडं जास्त घालून. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्याच घरी तयार झाली असावी. त्या खोलीत निर्जला एकादशी करणारी एकच व्यक्ती होती आणि तिला एकादशी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

"बस ना. खाऊन जा थोडं."

"दार्फ इश निश्त. उद्या वजन आहे," ती म्हणाली. हे मी तुमच्यासाठी अर्धं मराठीत लिहितोय. ती सगळं जर्मनमध्येच बोलत होती. परवानगी नाही, उद्या चार वाजता काट्यावर उभं राहायचंय, करारात एकोणसाठ किलो आहे, एक ग्रॅमही वर चालत नाही.

"अगं मग जेवू नकोस. हे जेवण थोडंच आहे. उपासाचं आहे हे."

"अहो, नको म्हणतेय ना ती," आतून मुग्धा.

"तू थांब गं. उपासाच्या दिवशी रिकाम्या तोंडी कुणी जातं का आपल्या घरून? दोन घास."

रेणूनं पुन्हा मान हलवली. मी बशी तिच्या हातात दिली. खिचडी गरम होती, तूप बशीच्या कडेला आलं होतं, जिऱ्याचा वास. तिनं बशीकडे पाहिलं. मी आजवर पुष्कळ माणसांना अन्नाकडे बघताना पाहिलंय, श्पार्गेलकडे बघणारे जर्मनही पाहिलेत. पण पत्र वाचावं तसं खिचडीकडे बघणारं कुणी पाहिलं नव्हतं. नऊ दिवस ती उकडलेल्या कोंबडीवर आणि काकडीवर होती हे मला नंतर कळलं.

"खा गं. हलकं असतं," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

तिनं खाल्लं. मग एकदाच वाढलेलं बरं नव्हे म्हणून मी पुन्हा वाढलं. मग घशाला कोरड पडू नये म्हणून दही. मग दह्यात चिमूट मीठ. आणि ती निघताना, बाहेर ऊन आहे म्हणून, पेलाभर ताक.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मी सहसा सांगत नाही. माझा व्यवसाय वजनाचा आहे. मी एका प्रयोगशाळेत काम करतो जिथे तराजू तपासतात. औषधांच्या कारखान्यांतले नाजूक तराजू आमच्याकडे येतात, आणि मी हातमोजे घालून त्यांवर केसाएवढी वजनं ठेवून ते खरं बोलतात का ते बघतो. दिवसभर मिलिग्रॅममध्ये जगणारा हा माणूस घरी येतो आणि दाणे, बटाटा, तूप, दही आणि ताक यांना वजन नसतं असं मानतो, का, तर पंचांगात त्या चौकोनात एकादशी लिहिलंय. आपल्याकडे श्रद्धा आणि विज्ञान यांचा मेळ घालणारे पुष्कळ विद्वान आहेत. मी त्यांच्या पंक्तीला बसायला हरकत नाही, मला फक्त दुसऱ्यांदा वाढू देऊ नये.

शुक्रवारचा वजनाचा कार्यक्रम बोर्नेमाननं आपल्या मेव्हण्याच्या श्पार्गेलहोफवर ठेवला होता. म्हणजे शेताला लागून खानावळ, चिंचेच्या झाडाखाली असावीत तशी लिंडनच्या झाडाखाली टेबलं, आणि टेबलांवर पेन्शनर मंडळी गळ्याशी रुमाल खोचून. त्यांच्या मधोमध एक लाकडी चौथरा, चौथऱ्यावर काटा. मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो होतो. मंडळाच्या पत्रिकेसाठी फोटो हवा होता, शक्यतो रेणू मध्ये आणि सेक्रेटरी बाजूला.

आधी समोरची बाई चढली. इलोना, हंगेरीहून आलेली, छत्तिशीची, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. हरलेल्या लढती जिंकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. बारा गावचं पाणी प्यालेली बाई. काट्यावर चढली, आकडा बघायलाही थांबली नाही, उतरून सरळ एका टेबलावर बसली आणि तिनं श्पार्गेल मागवला. मोठी प्लेट, हॅमसकट.

मग रेणू. काटा थांबला एकोणसाठ किलो सहाशे ग्रॅमवर.

एका टेबलावर काटाचमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. रेणूचा ट्रेनर डिटर, साठीचा, पूर्वी पोस्टमन असलेला, चौथऱ्याजवळ आला. "काय खाल्लंस?"

रेणूनं माझ्याकडे पाहिलं. अर्धा सेकंद. "निश्त्स," ती म्हणाली. काही नाही.

या क्षणी सभ्य माणूस पुढे झाला असता. मीही झालो, पण वेगळ्या कामासाठी. मी छाती काढून त्या काट्याशी गेलो आणि पंचांना विचारलं की हा काटा प्रमाणित आहे का, शिक्का कुठाय, शेवटची तपासणी केव्हाची, आणि जमीन समतल आहे याची खात्री कुणी केली. म्हटलं, याच विषयात मला काही कळतं. पंच हे बॉक्सिंग संघटनेचे एक सडपातळ गृहस्थ होते. जर्मन माणसाला तुम्ही चोर म्हणा, तो वकिलाकडे जाईल. पण त्याच्या शिक्क्यावर शंका घ्या, तो जागचा हलणार नाही. त्यांनी काटा उचलला. उलटा केला. शिक्का दाखवला. तारीख वाचली. मग खिशातून पाणसळ काढून चौथरा मोजला. मग माझं नाव लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारून. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. काटा निर्दोष होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मग डिटर मला अतिशय शांतपणे म्हणाला, "वजन उतरवायला दोन तास मिळतात. ते केव्हापासून मोजतात माहितीये? ती उतरली तेव्हापासून."

तेव्हा जे पाहिलं ते प्लास्टिकच्या त्या वासाबरोबर दर वर्षी आठवतं. रेणूनं प्लास्टिकचा एक सूट चढवला, गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद, आणि ती वरंब्यांच्या मधून पळायला लागली. दुपारचं ऊन. दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकखाली उबवली जाणारी ती पांढरी बोटं, आणि मधल्या वाटेनं प्लास्टिकमध्ये उबवली जाणारी ही मुलगी. एकाला पाणी धरून ठेवायचं होतं, दुसरीला सोडायचं. वरंब्याच्या टोकाला जायची, वळायची, यायची. वळताना सुटाच्या बाहीतून पाण्याची धार पडायची. सावलीतली पेन्शनर मंडळी चमच्यानं लोणी सारखं करत बघत होती. एका आजींनी यजमानांना विचारलं की हा कार्यक्रम दर शुक्रवारी असतो का.

मी तिच्याबरोबर पळायचं ठरवलं. प्रायश्चित्त म्हणून. कुर्त्यात. दुसऱ्याच वरंब्याला माझ्या बरगडीत कळ आली आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. ती परत येताना माझ्याशी थांबली, थांबली म्हणजे जागच्या जागी पळत राहिली.

"मी सांगतो त्याला," मी म्हणालो. "डिटरला. माझ्यामुळे झालं म्हणून."

"नाइन," ती मान हलवत म्हणाली. "तू नाही खाल्लंस. मी खाल्लं." आणि गेली.

इतकं सुटसुटीत कुणी आपल्याला माफ केलं की आपण ते लगेच मान्य करतो. मीही केलं. मी सावलीत जाऊन बसलो. तहान लागली होती म्हणून लिंबू पिळलेलं पाणी मागवलं, आणि अर्धं प्यायल्यावर लक्षात आलं की वरंब्याच्या टोकाहून ती ग्लासकडे बघतेय.

दोन तासांतली सात मिनिटं उरली असताना ती पुन्हा काट्यावर चढली. चारी बाजूंनी टॉवेल धरले होते, एक कोपरा वसुधाताईंच्या हातात. एकोणसाठ. बरोब्बर. टॉवेलच्या आतून ढेकळ पडावं तसा आवाज आला. ती खाली बसली होती. डिटरनं तिला पाण्याची बाटली दिली, झाकण उघडून दिली, आणि म्हणाला, "एकदा चुकली असतीस तर समजलो असतो. मागच्या वेळीही काठावर होतीस. उद्याची लढत कर. मग दुसरा ट्रेनर बघ."

डिटर सोडून गेला तर पुढे काय, हे मला वसुधाताईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या भागात मुलीला गंभीरपणे शिकवणारा तो एकटा. बाकीचे सगळे व्यायामाचे वर्ग. ही कथा तिथेच संपली असती, आणि गुढीपाडव्याला अध्यक्षांना ज्वाला दिसली नसती.

शनिवारी संध्याकाळी मी शाळेच्या कपडे बदलण्याच्या खोलीत गेलो. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं. भिंतीवर मुलांची नावं लिहिलेले हूक, खाली बाक, बाकावर रेणू हात पुढे करून बसलेली, आणि डिटर तिच्या बोटांभोवती पट्टी गुंडाळत. मी दारातच सांगून टाकलं. गुरुवारी, माझ्या घरी, माझ्या हातानं.

"काय होतं?" डिटरनं मान वर न करता विचारलं.

"साबुदाणा. म्हणजे एका कंदाचा स्टार्च. मोत्यांसारखा."

"नुसता?"

"दाणे. बटाटा. तूप. मग दही. ताक."

"आणि हे तुम्ही लोक केव्हा खाता?"

"उपासाला," मी म्हणालो. "म्हणजे आम्ही काहीच खात नाही, तेव्हा."

पट्टी गुंडाळणारा हात थांबला. "आल्झो," तो म्हणाला, म्हणजे असं तर, आणि पट्टीचा पुढचा वेढा घातला. मग: "तुम्ही तिला धरून भरवलंत?"

"नाही. विचारलं. तीनदा."

"आणि तिसऱ्यांदा ती हो म्हणाली."

"हो."

"मग चूक तुमची नाही." माझ्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय तोच तो पुढे बोलला. "तुम्ही मूर्ख आहात, ती गोष्ट वेगळी. मूर्खांची मला अडचण नाही, ते प्रत्येक हॉलमध्ये असतात. अडचण हिची आहे. कुणी प्रेमानं अंगावर आलं की हिला त्याला दूर ठेवता येत नाही. ठोसा मी शिकवू शकतो. हे मी कुठून शिकवू?"

रेणू खाली बघत होती. तिचे दोन्ही हात अजून त्याच्या हातात होते. मी तिची शिफारस करायला गेलो होतो, आणि तिच्यावरच्या आरोपाचा साक्षीदार होऊन बाहेर आलो.

लढतीचं काय सांगू. आता तिला लोक "ती लढत" म्हणतात. व्यायामशाळेत घामाचा आणि सॉसेजचा वास, भिंतीवरच्या शिड्या, कोपऱ्यात ढकललेली गाद्यांची चळत. बोर्नेमान माइकवर, जाकिटाच्या पाठीवर टायरची जाहिरात. माझ्या गठ्ठ्यातून आलेले मंडळाचे अकरा लोक, चार जणी काठपदराच्या साड्यांत. पहिला ठोसा बसताच त्यांतल्या एकीनं डोळ्यांवर पदर घेतला तो लढत संपेपर्यंत काढला नाही. यंदा तिनंच आपल्या नातीला ती लढत फेरीफेरीनं सांगितली.

चार फेऱ्या, दोन-दोन मिनिटांच्या. पहिल्या फेरीत रेणू छान नाचली. दुसरीत पाय दिसायला लागले, म्हणजे आधी ते दिसत नव्हते, नुसती हालचाल दिसत होती. आणि इलोनाला, त्या हरण्यासाठी आणलेल्या बाईला, ते लगेच कळलं. ती जवळ आली. ठोसा मारायला नाही, मिठी मारायला. लग्नात बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मावशीनं गळ्यात पडावं तशी ती रेणूच्या गळ्यात पडायची, सगळं वजन तिच्या खांद्यांवर टाकायची, पंच सोडवेपर्यंत दोन चार हलके ठोसे बरगड्यांवर वाजवून घ्यायची, सुटली की पुन्हा यायची. आणि रेणू तिला येऊ देत होती. हात बाजूला धरून उभी. तिसऱ्या फेरीत तर मला वाटलं, आता ती तिची पाठ थोपटते की काय.

मी मुठी आवळून बसलो होतो, आणि मला त्या हंगेरियन बाईचा अतोनात राग आला होता. असं कुणी करतं का, पोर नको म्हणतेय तरी अंगाशी जायचं. हे वाक्य मनात पुरं झालं आणि शेजारी बसलेल्या मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नव्हतो.

चौथ्या फेरीआधी डिटर तिच्यासमोर बसला. त्यानं पाणी दिलं, चेहरा पुसला, पण बोलला नाही. मला वाटलं, यानं मनातून सोडलीच हिला.

घंटा झाली. इलोना दोन पावलं टाकून पुन्हा हात पसरून आली. आणि रेणूनं कोपर आणि खांदा तिच्या छातीशी लावून तिला ढकललं. रागानं नाही. दार लोटावं तसं. इलोना अर्धं पाऊल मागे गेली, आणि त्या अर्ध्या पावलाच्या जागेत रेणूचा डावा हात खालून वर आला, बरगडीच्या खाली. त्या डाव्या हाताबद्दल आता लेख येतात. तेव्हा एवढंच दिसलं की इलोना वाकली आणि तिनं तोंड उघडलं, आवाज मात्र आला नाही. ती पुन्हा आली, तिचं कामच होतं ते. पुन्हा कोपर, पुन्हा अर्धं पाऊल. उरलेली सबंध फेरी तशी. सुंदर नव्हतं. मागे कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी सॉसेजबरोबरचा मोहरीचा सॉस संपल्याची तक्रार करत होतं. रेणू एका गुणानं जिंकली. इलोनानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कानात काहीतरी सांगितलं आणि ती बॅग उचलून बस गाठायला गेली. त्या हॉलमध्ये आपलं काम चोख केलेली ती पहिली होती.

आम्ही सगळे आतल्या बोळात जमलो. बाहेर अजून उजेड होता, उंच खिडक्यांतून तिरपं ऊन येत होतं. रेणू बाहेर आली तेव्हा तिचा उजवा डोळा निम्मा मिटला होता आणि वरचा ओठ सुजला होता. वसुधाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. उवे म्हणाला, "गूट." म्हणजे छान. मागे भिंतीला टेकून डिटर उभा होता, बादलीत स्पंज पिळत. त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही सगळे ते ऐकू येण्याच्या अंतरावर उभे राहून दुसरंच काहीतरी बोलत होतो.

मुग्धानं सकाळी नारळाच्या वड्या केल्या होत्या. मी डबा उघडला, एक वडी उचलली आणि पुढे झालो. म्हटलं, आता तर वजन नाही, काटा नाही, आता हक्कानं. "जिंकलीस पोरी. तोंड गोड कर."

तिनं मान हलवली.

"अगं, एवढीशी. मुग्धाकाकूनं मुद्दाम तुझ्यासाठी केलीये." मी वडी तिच्या ओठांपाशी नेली. सगळ्या बायका हसून बघत होत्या.

"नको, काका," रेणू म्हणाली. मराठीत. तिच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले मराठी शब्द. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. तिनं माझं मनगट दोन बोटांनी धरलं आणि हात बाजूला केला.

मला राग आला. खरं तेच सांगतो. चारचौघांत, मंडळासमोर, एवढ्या मायेनं नेलेली वडी. मी सेक्रेटरी. मी तिकिटं घेतली. माझा चेहरा कसा झाला असेल ते बायकांच्या हसण्यावरून मला कळलं, कारण ते थांबलं.

डिटरनं स्पंज बादलीत टाकला. त्याला मराठीचा म सुद्धा ठाऊक नाही. तो रेणूच्या जवळून जाताना थांबला. "मोंटाग," तो म्हणाला. "झेक्स उअर." सोमवारी, सहाला, सरावाला. आणि बादली घेऊन निघून गेला. वसुधाताईंनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

माझा हात तसाच पुढे होता, वडीसकट.

"अहो," मागून मुग्धा हळूच म्हणाली, "खाली घ्या तो."

मी घेतला.